कोकणातलं घर होमस्टे करताय? लिस्टिंगच्या आधी घराची फाईल

आमच्या दापोलीकडच्या घरातली पहिली खोली भाड्याने गेली तेव्हा माझ्याकडे चार फोटो होते, एक क्यूआर कोड होता आणि आईच्या हातच्या घावण्यांची ख्याती होती. एवढ्यावर धंदा सुरू झाला आणि दीड वर्ष चाललाही. मग मुंबईच्या चुलतकाकांचं पत्र ग्रामपंचायतीत पोचलं: सामाईक घरात परस्पर व्यवसाय सुरू आहे, माझी संमती घेतलेली नाही. दोन ओळींचं पत्र, पण त्यापायी मे महिन्याचा आख्खा हंगाम हातचा गेला. आलेली बुकिंगं रद्द केली, पाहुण्यांचे आगाऊ पैसे परत केले आणि मग एकेक कागद गोळा करत बसलो. तेव्हा जे क्रमाने करायला हवं होतं आणि केलं नव्हतं, ते इथे लिहितोय.

आधी आपल्याकडच्या नियमांची ठेवण समजून घ्या. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून एक कायदा लावला आणि विषय संपवला: ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचं तर नोंदणी हवी, मालक स्वतः घरात हवा, पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनाने तर पर्यटकांसाठीच्या फ्लॅटचे परवाने २०२८ अखेर मुळातच बंद करायचं ठरवलंय. महाराष्ट्रात असा एकच कायदा नाही. वर्षात किती रात्री घर भाड्याने द्यायचं याला मर्यादा नाही. त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं की नियमच नाहीत. नियम आहेत, ते पाच वेगवेगळ्या खिडक्यांवर वाटलेले आहेत: ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, पर्यटन संचालनालय, पोलीस ठाणं, वीज कंपनी आणि कर खातं. फ्लॅट असेल तर सहावी खिडकी सोसायटीची, आणि ती सगळ्यांत कडक. एका खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीचा कागद मागतो, म्हणून क्रम महत्त्वाचा.

रात्री त्या घरात तुम्ही झोपता का?

पहिला प्रश्न हा आहे आणि पुढचं बहुतेक सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. मालक कुटुंबासह घरात राहतो आणि उरलेल्या खोल्या पाहुण्यांना देतो, ते होमस्टे किंवा ‘बेड अँड ब्रेकफास्ट’. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ६ खोल्या, म्हणजे १२ खाटा, अशी चौकट आहे. दर्जा रौप्य किंवा सुवर्ण. पण मालकाचं तिथे राहणं ही मूळ अट आहे. केअरटेकर ठेवला म्हणजे मालक राहतो असं होत नाही. मालक पुण्यात, घर अलिबागला, किल्ली शेजारच्या दुकानात, हा होमस्टे नव्हे. बोर्डावर काहीही लिहा, तो भाड्याचा बंगला आहे आणि सरकारी कागदावर त्याची गणना व्यावसायिक निवासात होऊ शकते.

मी स्वतः पुण्यात राहतो. आई-वडील गावी. म्हणून मी पहिली चूक दुरुस्त केली ती अर्जदाराचं नाव बदलून. अर्ज आईच्या नावाने केला. ती घरात राहते, तिचं नाव कागदावर आहे, आणि न्याहारीही तीच करते. यात एक वरचा फायदा: राज्याच्या ‘आई’ या महिलाकेंद्री पर्यटन धोरणात महिलेच्या मालकीच्या आणि तिने चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. आम्ही कर्ज काढलं नाही, पण नवीन न्हाणीघरं बांधायची असतील त्यांनी चौकशी जरूर करावी. नाव मात्र नुसतं कागदापुरतं लावू नका. पाहणीला अधिकारी येतात तेव्हा ते घरातल्या बाईलाच प्रश्न विचारतात.

शेतावर खोल्या असतील तर वाट वेगळी. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे. त्यात किमान १ एकर शेती लागते आणि शेती खरोखर चालू असावी लागते. आंब्याची चार कलमं आणि एक पोहण्याचा तलाव याला शेती म्हणण्याचा प्रयत्न बरेच जण करतात. पाहणीत ते दिसतंच.

घर कोणाचं आणि जमीन कसली

इथे वेळ घालवा, कारण कोकणात गाडी इथेच अडते.

सातबारा काढा आणि त्यावरची सगळी नावं वाचा. ‘सगळी’ म्हणजे आजोबांच्या भावाच्या नातवाचंसुद्धा. घर गावठाणात असेल तर सातबारा नसेल. मग मिळकत पत्रिका असेल तर ती. ड्रोन मोजणी करून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिका तयार असू शकते, विचारा. सोबत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, ज्याला गावात ‘असेसमेंट’ म्हणतात. मात्र नमुना ८ म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टी कोणाच्या नावाने आकारली जाते एवढंच तो सांगतो. ‘घरपट्टी मी भरतो, म्हणजे घर माझं’ हे वाक्य आमच्या गावात तरी दोन दावे कोर्टात घेऊन गेलंय.

नावं एकापेक्षा जास्त असतील तर संमतीपत्र घ्या. तोंडी नको, व्हॉट्सॲपवरचा अंगठाही नको. मुद्रांक कागदावर, नोटरीसमोर, पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहून: घराचा कोणता भाग पाहुण्यांसाठी (खोल्या मोजून, ओटी-पडवी धरून की सोडून), किती वर्षांसाठी, उत्पन्न कोणाचं, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि ही संमती हिश्श्यावरचा हक्क सोडणं नाही. शेवटचं कलम काकांच्या समाधानासाठी असतं आणि तेच सही मिळवून देतं. सही करणाऱ्याला खरी भीती पाहुण्यांची नसते. आज होमस्टेचा बोर्ड लागला तर उद्या घरच हातातून जाईल, ही असते.

जमिनीचं म्हणाल तर शेतजमिनीवर बांधलेलं घर असेल तर अकृषिक परवानगी, म्हणजे एनए, आणि बांधकाम परवानगी आहे का ते बघा. शेतकऱ्याला शेतात राहण्यासाठी बांधलेलं घर आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या चार कॉटेज यांत महसूल खातं फरक करतं. जुनं घर असेल, घरपट्टीची नोंद कित्येक दशकांची असेल, तर बहुधा अडचण येत नाही. अलीकडे गुंठ्यात तुकडा घेऊन बांधलेल्या ‘फार्महाऊस’वाल्यांनी मात्र वकिलाला कागद दाखवल्याशिवाय एक विटही वाढवू नये.

समुद्राजवळ घर असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्याचे दोन प्रकार पडतात. लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर आणि कमी असेल तिथे २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई. आपली बहुतेक किनारी गावं दुसऱ्या प्रकारात मोडतात. पण याच अधिसूचनेत स्थानिकांच्या फायद्याची एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना माहीत असते: मच्छीमारांसह स्थानिक रहिवाशांना आपल्या असलेल्या घरात होमस्टे चालवायला मुभा देता येते, अट एवढीच की जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे आहे त्या माजघराला दार लावून खोली करा, कौलं बदला, रंग काढा. पण अंगण खाऊन जोतं वाढवलंत, वर स्लॅब टाकून ‘सी व्ह्यू’ची गच्ची केलीत, की ती मुभा गेली. काम सुरू करण्याआधी चारही बाजूंनी घराचे फोटो तारखेसह काढून ठेवा. तक्रार झाली तर जोतं वाढवलं नाही हे सिद्ध करायला दुसरं काही हाताशी नसतं.

महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) ही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं जाहीर झालेली आहेत. तिथे खोली वाढवणं, विहीर-बोअर खोदणं, झाड तोडणं या प्रत्येकाला वेगळी परवानगी लागते. विकत घ्यायचा विचार असेल तर आधी या नकाशात प्लॉट कुठे पडतो ते बघा, मग दरीचं दृश्य बघा.

अर्जांचा क्रम

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा. ग्रामसेवकांकडे ना हरकत दाखल्याचा अर्ज, सोबत उतारा, चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती, संमतीपत्र आणि खोल्यांचा साधा नकाशा. घरपट्टी थकलेली असेल तर अर्ज पुढे सरकत नाही, तेव्हा आधी ती भरा. अर्जाची पोच शिक्का मारून घ्या. विषय मासिक सभेत जातो, त्यामुळे सभेच्या तारखेआधी अर्ज द्यावा, नाहीतर महिना फुकट जातो. आणि एक अनुभवाचा सल्ला: अर्ज देण्याआधी शेजारच्या चार घरांत जाऊन सांगून या. गाड्या कुठे लावणार, रात्री आवाज होणार का, विहिरीचं पाणी पुरणार का, हे त्यांचे प्रश्न असतात. घरी येऊन विचारले तर ते प्रश्नच राहतात, सभेत विचारले तर त्यांची हरकत होते.

पुढे पर्यटन संचालनालय. इथे बरेच जण एमटीडीसीच्या दारात जातात. एमटीडीसी हे राज्याचं १९७५ चं पर्यटन विकास महामंडळ, ते स्वतःचे रिसॉर्ट चालवतं. नोंदणीचं काम आता संचालनालयाकडे आहे. अर्ज ऑनलाइन होतो, कोकणासाठी विभागीय कार्यालय नवी मुंबईत आहे. मालकीचे कागद, ना हरकत दाखला, ओळखपत्र, खोल्या-न्हाणीघरांचे फोटो लागतात, मग पाहणी होते. पाहणीत काय बघतात? आमच्याकडे आलेल्यांनी पलंग-पडदे बघितलेच नाहीत. न्हाणीघर, पिण्याच्या पाण्याची सोय, सांडपाणी कुठे जातं, अग्निशामक सिलिंडर आणि पाहुण्यांची नोंदवही, एवढंच बारकाईने बघितलं. सिलिंडरवरची तारीख उलटून गेलेली होती. तो बदलून फोटो पाठवल्यावर काम झालं.

बाकीचे कागद अर्ध्या दिवसाचे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, मोफत आहे, आधारावर घरबसल्या होते. एजंटला पैसे देऊ नका. गुमास्ता, म्हणजे दुकान परवाना म्हणाल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात थोडेच कामगार असणाऱ्याला परवाना नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पाहुण्यांना जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. घरगुती स्वयंपाकाला सर्वांत खालच्या पायरीची पुरते. जेवण देत नसलात तरी काढून ठेवा, कारण दुसऱ्याच दिवशी पाहुणा विचारतो, ‘मोदक मिळतील का?’

पोलीस ठाण्यात एक पत्र द्या: अमुक ठिकाणी इतक्या खोल्यांत पाहुणे ठेवतो, नोंदवही ठेवतो, संपर्क अमुक. मागितलेलं नसतानाही द्या आणि पोच फाईलला लावा. काही ठाण्यांना सणासुदीत रोजची यादी हवी असते, ते तेव्हाच कळतं.

वीज, पाणी आणि टाकी

मीटरचा प्रश्न मालकांना सर्वांत जास्त टोचतो, कारण तो दर महिन्याला बिलात दिसतो. घरगुती दर आणि व्यावसायिक दर यांत मोठी तफावत आहे. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर चालू ठेवण्याची सवलत महावितरणच्या दररचनेत अनेक वर्षं आहे, मात्र वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत हवा. आता हिशोब करा. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर साधारण ८ ते १० युनिट. दोन खोल्या म्हणजे १६ ते २० युनिट. महिन्यात पंधरा रात्री भरल्या की २४० ते ३०० युनिट तिथेच संपले, घरातला फ्रिज आणि पंप अजून मोजलेलाच नाही.

म्हणून एसी लावण्याआधी ठरवा. एक मार्ग म्हणजे पाहुण्यांच्या भागाला वेगळा मीटर आणि त्यावर जो दर लागेल तो लागू द्या. राहतं घर तरी घरगुती राहील. दुसरा मार्ग, पर्यटन नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून उपविभागीय कार्यालयात दराबद्दल लेखी अर्ज करणं आणि उत्तर लेखी घेणं. घरगुती मीटरवर व्हिला चालवून गप्प बसणं हा तिसरा मार्ग बरेच जण निवडतात. पकडलं तर मागच्या काळाची फरकाची रक्कम भरावी लागते आणि ती एकदम येते.

सेप्टिक टाकी चार माणसांची असते आणि मे महिन्यात घरात चौदा माणसं असतात. टाकी विहिरीपासून पुरेशी लांब आहे का आणि वाढीव माणसांना पुरेल का, हे गवंड्याला दाखवा. जांभ्या दगडातून पाणी लवकर झिरपतं. विहिरीचं पाणी वर्षातून एकदा तपासून अहवाल फाईलला लावा.

सोसायटीतला फ्लॅट

लोणावळा, कर्जत, पाचगणी, अलिबाग इथले सेकंड होमवाले इथे थांबा. माझ्या एका मित्राने लोणावळ्याजवळचा फ्लॅट बुकिंगच्या ॲपवर टाकला. तिसऱ्याच शनिवारी रात्री अकरा वाजता सोसायटीच्या वॉचमनने सहा पाहुण्यांना फाटकावर अडवलं. समितीने शुक्रवारीच ठराव केला होता, मित्र मुंबईत होता आणि पाहुण्यांबरोबर दोन लहान मुलं होती. त्या रात्रीचं हॉटेलचं बिल त्याने भरलं आणि दुसऱ्या दिवशी लिस्टिंग काढलं.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट राहण्यासाठी दिलेला असतो. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सने भाडेकरू ठेवणं ही एक गोष्ट. उपविधींप्रमाणे संस्थेला आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, आणि संस्था ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच आकारू शकते. पण दर दोन रात्रींनी नवी माणसं येणं याला समिती ‘वापरातला बदल’ म्हणते, आणि तिचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नसतं. लिफ्ट, तलाव, पार्किंग यांचा खर्च सगळे सभासद भरतात आणि कमाई तुम्ही करता.

तेव्हा आपल्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी मागून घ्या. बाजारात मिळणारी आदर्श उपविधींची पुस्तिका नव्हे, तुमच्या संस्थेने स्वीकारलेले. बिल्डरबरोबरच्या खरेदीखतातली वापराची कलमंही वाचा. मग अल्प मुक्कामाबद्दल संस्थेकडून लेखी होकार मागा; अटी घालून मागा, म्हणजे मिळण्याची शक्यता वाढते: एका वेळी अमुक माणसं, पाहुण्यांची यादी आदल्या दिवशी फाटकावर, दहानंतर तलाव बंद, दंड मालकाकडून. होकार मिळाला नाही तर माझं स्पष्ट मत आहे की सोडून द्या आणि फ्लॅट महिन्याच्या भाड्याने द्या. समितीशी भांडून केस जिंकता येईलही, पण शनिवारी रात्री फाटक समितीच्या माणसाच्याच हातात असतं.

कराचं गणित

दोन उदाहरणं घेतो.

पहिलं आमच्यासारखं. दोन खोल्या, रात्रीला २,५०० रुपये, वर्षात प्रत्येकी १२० रात्री. वर्षाची उलाढाल ६ लाख. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख, म्हणजे नोंदणी लागत नाही. तरी ॲपवरच्या पाहुण्याला कर लागतोच, कारण नोंदणी नसलेल्या मालकाच्या वतीने तो कर ॲपचालक कंपनी भरते. थेट फोनवर आलेल्या पाहुण्याकडून मात्र तुम्ही जीएसटी घ्यायचा नाही. नोंदणी नसताना बिलावर कर लावणं हा गुन्हा आहे.

दुसरं उदाहरण पाच खोल्यांच्या व्हिलाचं. आख्खा व्हिला १८,००० रुपये रात्र, १२० रात्री, म्हणजे २१ लाख ६० हजार. मर्यादा ओलांडली, नोंदणी आली. वर दर १८ टक्के, कारण रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर १८ टक्के लागतात, ही रेषा भाड्याने दिलेल्या एका ‘निवास एककाला’ धरतात आणि इथे एकक आख्खा व्हिला आहे. त्याच पाच खोल्या खरोखर वेगवेगळ्या कुटुंबांना प्रत्येकी ३,६०० ने दिल्या असत्या तर दर ५ टक्के पडला असता. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांचा ५ झाला, पण त्यात खर्चावरच्या कराची वजावट मिळत नाही. काही जण एकाच ग्रुपला पाच बिलं देऊन वाट काढतात. ॲपवर बुकिंग एकच दिसतं, तेव्हा ही वाट फार लांब जात नाही.

दोन खड्डे लोकांना दिसत नाहीत. २० लाख मोजताना त्याच पॅनवरची सगळी उलाढाल धरतात, अगदी पुण्यातल्या फ्लॅटचं करमुक्त घरभाडंसुद्धा. आणि घर गोव्यात असेल, मालक पुण्यात, तर नोंदणी गोव्यात लागते.

आयकरात ‘घरापासूनचं उत्पन्न’ दाखवून सरसकट ३० टक्के वजावट घ्यायचा मोह होतो. चादरी बदलणं, साफसफाई, न्याहारी यांसह रात्रीच्या दराने घर देणं हा व्यवसाय मानला जाण्याचीच शक्यता जास्त. मग खर्च प्रत्यक्ष दाखवा: धुलाई, वीज, केअरटेकरचा पगार, कमिशन. पावत्या ठेवा. ॲप ०.१ टक्का टीडीएस कापतं. व्यक्तीची त्या ॲपवरची वर्षाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापत नाही. पैसे आईच्या नावावरच्या व्यवसायाचे असतील तर खातं आणि पॅनही आईचाच लावा. मी पहिल्या वर्षी माझा लावला होता आणि मग सीएला दोघांची विवरणपत्रं जुळवावी लागली.

घराचा विमा काढलेला असेल तर कंपनीला कळवा. साध्या गृहविम्यात पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांमुळे झालेलं नुकसान बहुधा धरलेलं नसतं.

गोव्यात घर असेल तर

गोव्यात संदिग्धता कमी आहे. १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा तिथे लागू आहे आणि पर्यटन खात्याने गेल्या काही वर्षांत ॲपवरच्या व्हिला-फ्लॅटनाही तो लागू असल्याचं ठणकावून सांगितलंय. नोंदणीविना चालवलं तर दंड १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मालक राहतो की नाही, खोली एक की सहा, नोंदणी हवीच. पंचायत किंवा पालिकेचा ना हरकत दाखला इथेही लागतो.

कागदांत फरक एवढा की सातबाऱ्याच्या जागी नमुना एक-चौदा, आणि विवाहितांच्या मालमत्तेला गोव्याचा नागरी कायदा लागतो. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून सहीला दोघंही हवीत. जुनं घर घेतलं असेल तर आवारात मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणाऱ्याचं, घर आहे का ते बघा. त्याचा हक्क खरेदीखताने जात नाही.

पाहुणा दारात आल्यावर

नोंदवहीत प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव, पत्ता, फोन, कुठून आला, कुठे जाणार, गाडीचा क्रमांक आणि सही. एकाचं ओळखपत्र घेऊन बाकीच्यांना सोडू नका. आधारची प्रत घेताना पहिले आठ अंक झाकलेली चालते, तीच मागा. आठ वर्षांच्या आधारप्रती कपाटात साठवणं हाही धोकाच आहे.

परदेशी पारपत्र असलेला कोणीही राहिला तर २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर माहिती भरायची असते. लोक अजून तिला ‘सी फॉर्म’ म्हणतात. न्यू जर्सीहून आलेली तुमची मावसबहीण, जी आता अमेरिकी नागरिक आहे आणि तुमच्याकडे पैसे देऊन राहतेय, तीसुद्धा यात येते. दारात येऊन ती मराठीत हाक मारते, म्हणून ही नोंद हटकून राहून जाते. पोर्टलवरचं खातं आधीच उघडून ठेवा, पाहुणा आल्यावर उघडायला गेलात तर मंजुरीतच दिवस जातात.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही. हे बुकिंगच्या वेळी लिहून पाठवा, दारावर लावा आणि दहाला दोन मिनिटं आधी जाऊन सांगा. दारू विकायची नाही आणि बिलात धरायची नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. तलाव असेल तर भोवती कुलपाची जाळी, पाणी किती खोल त्याचे आकडे, दोरीचं कडं आणि रात्री बंद. लोणावळ्याकडच्या बंगल्यांत लहान मुलं बुडाल्याच्या बातम्या वाचल्यावर मी तरी तलाव न बांधल्याचं समाधान मानतो, बुकिंग थोडी कमी आली तरी.

फाईल

निळी बॉक्सफाईल, एक ओटीवरच्या कपाटात आणि तिच्या स्कॅन प्रती फोनमध्ये. मालकीचे कागद आणि संमतीपत्र सर्वांत वर. मग दाखले, मग वीज-पाणी, मग कर, शेवटी नोंदवह्या. ज्या कागदांना मुदत आहे त्यांच्या तारखा कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने. आई फाईल उघडत नाही, पण कोणी विचारायला आलं की ती समोर ठेवते आणि चहा टाकायला आत जाते. बहुतेकदा चहा येईपर्यंत विषय संपलेला असतो.

राहिलं काकांचं. संमतीपत्रावर त्यांची सही मिळाली ती एका अटीवर, आणि ती आम्ही कलम सहा म्हणून टाईप करूनच घेतली: गणपतीचे दिवस आणि शिमग्यात पालखी घरी येते तो आठवडा, घर पाहुण्यांना द्यायचं नाही. हंगामाच्या दृष्टीने महागडी अट आहे. नवीन कालनिर्णय घरी आलं की मी पहिल्यांदा चतुर्थी बघतो, ॲपवरच्या कॅलेंडरात ते दिवस काळे करतो आणि स्क्रीनशॉट काकांना पाठवतो.